दुचाकीची १५ वर्षांनंतरची पासिंग: कागद, फी आणि गाडीत नेमकं काय बघतात

घाटमाथा (धागाकर्ता)

२०१०-११ च्या सुमारास घेतलेल्या स्प्लेंडर, पॅशन, ॲक्टिव्हा, पल्सर एकामागोमाग एक पंधरा वर्षं ओलांडताहेत आणि "पासिंगला काय काय लागतं?" हा प्रश्न दर आठवड्याला वेगवेगळ्या धाग्यांत विखरून पडतोय. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा. मी महाराष्ट्रापुरतं लिहितो, बाकीच्यांनी भर घालावी.

आपण पासिंग म्हणतो, पण खाजगी दुचाकीच्या बाबतीत ते नोंदणीचं नूतनीकरण असतं. रिक्षा-टेम्पोला ठरावीक काळाने फिटनेस घ्यावं लागतं, तसं पांढऱ्या पाटीच्या मोटारसायकलला लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे तिची नोंदणी १५ वर्षं चालते. नंतर गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. अर्ज नमुना २५ मध्ये, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५२ खाली, आणि मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून करता येतो. म्हणजे नोंदणी २२ सप्टेंबर २०१० ची असेल तर मुदत २१ सप्टेंबर २०२५ ला संपली आणि अर्जाची खिडकी २३ जुलैला उघडली. तारीख आरसीवरची धरायची. दसऱ्याला शोरूममधून हार घालून गाडी आणली ती तारीख इथे कामाची नाही.

पैसे: मोटारसायकलचं नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १००० रुपये आहे (त्याआधी ३०० होतं). स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. रोड टॅक्स नवीन घेतानाच एकरकमी भरलेला असतो, पण १५ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. २०१० च्या दुरुस्तीने आलेला हा कर दुचाकीला पाच वर्षांसाठी २००० रुपये. उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये, आणि महिन्याचा भाग पूर्ण महिना धरतात: सात महिने दहा दिवस उशीर म्हणजे आठ महिने, २४०० रुपये. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क २००० केलंय, तेव्हा जुन्या यामाहा, बजाजवाल्यांनी तेवढे जास्त धरून चला.

कागद: नमुना २५, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), पत्त्याचा पुरावा, पॅन (नसल्यास नमुना ६०) आणि चासी नंबरची पेन्सिल छाप. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर होतो. गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच अंक टाकले की मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी तेच काम करा. पैसे भरून, वेळ घेऊन, छापील अर्जासकट गाडी आरटीओच्या मैदानावर न्यायची. तिथे मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतात, नंबर पडताळतात. मंजुरीनंतर कार्ड पोस्टाने येतं.

अर्ज भरण्याआधी थकलेली ई-चलनं बघून घ्या. गाडीवर शेरा पडलेला असेल तर पोर्टल पुढे जाऊच देत नाही.

चिंचवडचा

मुदत संपून आठ महिने झाले. आरसी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील नाहीत. आरसीवर बँकेचा बोजाही दिसतोय, कर्ज २०१३ लाच फिटलंय. तोपर्यंत गाडी भाजी आणायला वगैरे वापरली तर चालेल का?

नमुना_पंचवीस

वापरू नका. मुदत संपलेली नोंदणी म्हणजे नोंदणी नसल्यासारखंच. कलम १९२ खाली पहिल्या वेळेला २००० ते ५००० दंड आहे. दंडापेक्षा विम्याची गोष्ट मोठी. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाड्यांचे नुकसान व चोरीचे दावे सुप्रीम कोर्टाने २०१४ आणि २०२१ मध्ये फेटाळलेत. रस्त्यावर काढताना वैध नोंदणी नसणं ही विम्याच्या कराराची मूलभूत मोडतोड आहे, असं त्यात म्हटलंय. विम्याचा हप्ता भरलाय म्हणून निर्धास्त राहू नका.

तुमच्या तीन गाठी आहेत. नमुना २५ वर नोंदणीकृत मालकाची सही लागते, ती आता कोण करणार? म्हणून वारसाच्या नावे हस्तांतरण. त्याला नमुना ३१, मृत्यू दाखला, बाकी वारसांचं संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्र. नियम ५६ प्रमाणे मृत्यूची खबर ३० दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. उलटून गेलं असेल तर थोडं जास्त पैशांत भागतं, काम अडत नाही.

बोजा उतरवायला नमुना ३५ च्या दोन प्रती, बँकेच्या सही-शिक्क्याच्या, आणि सोबत ना हरकत पत्र. बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्र नव्या बँकेचं घ्या आणि त्यात जुन्या बँकेचं नाव व कर्ज खातं लिहून घ्या. नाहीतर आरसीवरचं नाव आणि पत्रावरचं नाव जुळत नाही म्हणून फाइल परत येते. कर्ज फिटल्याची पावती बोजा उतरवायला चालत नाही, इथे बरेच जण फसतात.

तिसरी गाठ उशिराची, तिचा हिशोब घाटमाथा यांनी दिलाच आहे.

घाटमाथा (धागाकर्ता)

यात एक जोड. आरसी जुनी पुस्तकाची असेल आणि गाडीचा नंबर टाकल्यावर पोर्टल "माहिती उपलब्ध नाही" म्हणत असेल, तर ती गाडी संगणकात चढलेलीच नाही. आधी कार्यालयात अर्ज देऊन बॅकलॉग नोंद करून घ्यायची. मूळ पुस्तक लागतं, आणि त्यांच्याकडच्या रजिस्टरशी ते ताडून बघतात. ही नोंद होईपर्यंत पीयूसी पण निघत नाही, कारण पीयूसीचं यंत्र त्याच माहितीशी जोडलेलं आहे.

दहा_बाराचा_पाना

कागदांचं झालं, आता गाडीचं. निरीक्षक दहा मिनिटांत काय बघू शकतो तेवढंच तो बघतो. पण त्या दहा मिनिटांत अडकवणाऱ्या गोष्टी बहुतेक दोनशे-तीनशे रुपयांच्या असतात, आणि त्या घरी तपासता येतात.

आधी बॅटरी. जुन्या स्प्लेंडर-पॅशनचा हेडलाइट सरळ मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) एसीवर चालतो, पण हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट बॅटरीवर. त्यामुळे किक मारून वर्षभर चालवलेल्या गाडीचा दिवा झकास लागतो आणि हॉर्न दाबला की फक्त "टक" होतं. गाडी बंद असताना मीटरवर १२.४ व्होल्टच्या वर पाहिजे, इंजिनाचा वेग वाढवल्यावर साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी चांगली असून वरचा आकडा येत नसेल तर रेक्टिफायर (मॅग्नेटोची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) बघा, नवी बॅटरी टाकून तीही महिन्यात बसेल.

ब्रेकलाइट दोन्ही ब्रेकने लागला पाहिजे. मागच्या पायाच्या ब्रेकचा स्विच स्प्रिंगने ओढला जातो. लायनर (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर) झिजला आणि पेडलचं सेटिंग बदललं की स्विचही सेट करायचा असतो, तो कुणी करत नाही. मग ब्रेकलाइट एक तर कायम पेटलेला, नाहीतर पेडल पार खाली गेल्यावर लागणारा. बल्ब २१/५ वॅटचाच टाका. त्याच्या दोन पिना वर-खाली असतात, जोर करून उलटा बसवला की साधा दिवा झगझगीत आणि ब्रेक दाबल्यावर मंद.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. एका बाजूला खूप जोरात मारतोय किंवा नुसताच पेटून राहतोय म्हणजे त्या बाजूचा एक बल्ब गेलाय, किंवा दांडीतली अर्थची वायर गंजलीय. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बदलायच्या आधी हे दोन बघा.

ब्रेक. ड्रमच्या मागच्या प्लेटवर, ब्रेकच्या आर्मशेजारी एक छोटा बाण असतो आणि प्लेटवर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबून धरा. बाण खुणेशी पोचला म्हणजे लायनर संपला, मग वरून नट कितीही आवळा. लोक आर्मच काढून एक दात पुढे बसवतात, ब्रेक लागल्यासारखा वाटतो आणि खुणेचा अर्थच जातो. असं करू नका. ड्रमही झिजतो: ११० मिमीच्या ड्रमची मर्यादा १११, १३० ची १३१. हबच्या आत नखाला लागेल अशी कड तयार झाली असेल तर नवे लायनर टाकूनही अर्धेच टेकतात. पुढच्या लिव्हरचा मोकळा खेळ १० ते २० मिमी, मागच्या पेडलचा २० ते ३० मिमी. डिस्कवाल्यांनी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा, आणि ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी बदला. लिव्हरजवळच्या छोट्या टाकीतलं हे ऑइल चहासारखं तांबूस झालं असेल तर त्यात पाणी गेलंय. घाटात उतरताना ते उकळतं आणि लिव्हर मुठीला टेकते.

आता माझी आवडती जागा. मागच्या ब्रेक प्लेटपासून चिमट्याकडे (मागचं चाक धरणारा भाग) जाणारी लोखंडी पट्टी असते, टॉर्क रॉड. तिच्या नटातून एक स्प्लिट पिन जाते. पंक्चर काढताना ती पिन काढतात आणि परत बसवतीलच असं नाही. दोन रुपयांची वस्तू. नट सैल होऊन पट्टी सुटली तर ब्रेक मारल्याबरोबर पूर्ण प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेकची दांडी गुंडाळली जाते आणि मागचं चाक जाम. रस्त्यावरच्या कुठल्याही दहा जुन्या गाड्या वाकून बघा, दोन-तीनांना पिन नसतेच.

हँडल: गाडी मेनस्टँडवर, कुणाला तरी मागे दाबून बसवा, पुढचं चाक उचललं की शॉकअपचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवा. टकटक लागली तर कोनसेट (हँडलच्या मानेतल्या गोळ्या आणि वाट्या) सैल. मग हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. अगदी मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत, आवळून उपयोग नाही, सेट बदला. मागचं चाक धरून आडवं हलवा: खेळ असेल तर एक तर बेअरिंग, नाहीतर चिमट्याचा बुश. कुठलं ते ओळखायला एका हाताने चिमटा धरून ठेवा.

स्कूटरवाली_सातारा

पाना, टायरचं राहिलं.

नियम ९४ मध्ये दुचाकीच्या नक्षीची किमान खोली ०.८ मिमी दिली आहे. मोजपट्टी नको: टायरच्या खोबणीत तळाला रबराचे छोटे उंचवटे असतात. बाजूला त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अक्षरं दिसतील तिथून सरळ आत बघा. नक्षी त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला.

कमी चालवलेल्या गाडीत उलटा प्रकार असतो. नक्षी नव्यासारखी, पण टायर पंधरा वर्षांचा. बाजूला लंबगोलात चार अंक असतात, ३२०९ म्हणजे २००९ सालचा ३२ वा आठवडा. असं रबर दगडासारखं कडक होतं, खोबणीच्या तळाशी बारीक भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यावर गाडी सटकते. मैदानावर हा टायर पास होईल. तरी बदला.

स्कूटरच्या पुढच्या चाकाकडे लोक लक्षच देत नाहीत. ॲक्टिव्हाच्या पुढच्या लिंकचे बुश झिजले की ४०-५० च्या वेगाला हँडल थरथरतं आणि गॅरेजवाला टायर बदलायला लावतो.

कोरा_फॉर्म

पेन्सिल छाप कशी घेतात? चासी नंबर गंजाने दिसतच नाहीये.

नमुना_पंचवीस

बहुतेक मोटारसायकलींना तो हँडलच्या मानेवर, उजव्या अंगाला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवा म्हणजे दिसेल. स्कूटरला जागा मॉडेलप्रमाणे बदलते, मालकाच्या पुस्तिकेत चित्र असतं.

साफ करताना ग्राइंडर, तारेचा ब्रश, जाड पॉलिश पेपर यांतलं काहीही लावू नका. अक्षरांच्या कडा गेल्या की नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि मग प्रकरण वेगळ्याच वाटेला लागतं. रॉकेलचा बोळा दहा मिनिटं चिकटवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा. परत गंज धरू नये म्हणून काम झाल्यावर ग्रीसचं बोट फिरवा.

मान गोल असल्यामुळे कागद सरकतो. त्यावर उपाय: मऊ पेन्सिल (४-बी असेल तर उत्तम) थेट नंबरवर आडवी घासा, सगळा भाग काळा होईल आणि खोदलेली अक्षरं कोरी राहतील. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावा, नखाने घासा, उचला आणि अर्जावर चिकटवा. एकसारख्या तीन छापा घेऊन ठेवा.

आता महत्त्वाचं: छाप आरसीशी अक्षर-अक्षर ताडा. १७ अक्षरी चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, १ आणि ० शी घोटाळा होऊ नये म्हणून. तेव्हा आरसीवर ओ दिसत असेल तर ती टंकणाऱ्याची चूक, मूळ शून्य आहे. सुरुवातीच्या तीन अक्षरांवरून कंपनी कळते: एमबीएल हिरो, एमई४ होंडा, एमडी२ बजाज, एमडी६ टीव्हीएस, एमई३ रॉयल एनफिल्ड. पहिल्या तिनातच फरक असेल तर सरळ चूक आहे. दुरुस्तीचा अर्ज आधी द्या, कारण मैदानावर हे निघालं तर तो दिवस फुकट जातो.

इंजिन नंबरही बघा. क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच, नंबर त्यावरच असतो) बदललेली असेल आणि नोंद केली नसेल तर नंबर जुळणार नाही. कलम ५२ खाली इंजिन बदलाची नोंद लागते. रंगाचंही तसंच: आरसीवर काळी आणि मैदानावर लाल, हे चालत नाही.

कार्ब्युरेटर_काका

पीयूसीवर चार शब्द, कारण फेल होण्याचं प्रमाण तिथे बरंच.

नवीन गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. नंतर बीएस-३ (भारत स्टेज, धुराच्या मर्यादेचा टप्पा) पर्यंतच्या गाड्यांना सहा महिने, बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्ष. नसेल तर कलम १९०(२) खाली दंडाची मर्यादा १०,००० आहे. १ एप्रिल २००० नंतरच्या फोर स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम, त्याच काळातल्या टू स्ट्रोकला ३.५ आणि ६०००. त्याआधीच्या सगळ्यांना ४.५ आणि ९०००.

दोन आकडे दोन वेगळे रोग सांगतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रण जाड, पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर, मग चोक पूर्ण उघडतोय का, मग कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची पातळी आणि झिजलेली सुई. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय: प्लग मिस मारतोय, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा रिंगा गेल्यात आणि ऑइल जळतंय. दोन्ही जास्त असतील तर आधी फिल्टर आणि प्लग बदला, बाकी नंतर.

कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठला ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घेतला की पातळ. अर्धे मेकॅनिक सगळ्या गाड्यांना एकाच दिशेने फिरवतात आणि मग "मशीनच खराब आहे" म्हणतात. हलक्या हाताने पूर्ण आत घ्या (आवळू नका, टोक चेपतं), तिथून दीड ते दोन आटे बाहेर, आणि इंजिन गरम असताना पाव-पाव आट्याने सेट करा. आयडल (ॲक्सिलरेटर न देता इंजिनाचा वेग) मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास.

गाडी थंड नेऊ नका. आठ-दहा किलोमीटर चालवून न्या. आणि सायलेन्सरला भोक असेल तर बुजवा. तिथून हवा आत ओढली जाते, आकडे कमी दिसतात आणि गाडी पास होते. काहींना ही युक्ती वाटते, पण मैदानावर तोच सायलेन्सर आवाज करतो आणि तिथे अडकतो.

फटफटी३५०

सायलेन्सरवरून: बाजारातला पोकळ सायलेन्सर लावलेली बुलेट पास होते का?

दहा_बाराचा_पाना

नाही, आणि होऊही नये. मूळ सायलेन्सर माळ्यावर असेल तर तो बसवून न्या, आणि बसवलाच आहे तर राहू द्या. नियम १२० सायलेन्सरचा, ११९ हॉर्नचा: वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न चालत नाही. निळे-जांभळे दिवे उतरवा.

काढून टाकलेल्या वस्तू परत लावा, हे लोकांना आठवत नाही. नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं साडीगार्ड पाहिजे. आरसा पाहिजे. मागचा लाल रिफ्लेक्टर पाहिजे, मडगार्ड कापलेल्या गाड्यांत तो मडगार्डबरोबरच गेलेला असतो.

स्कूटरवाली_सातारा

नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा पाटी बसवून घ्यायची आहे, दुचाकीला ४५० अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. परिवहनच्या अधिकृत दुव्यावरूनच नोंदवा, सारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत. पाटी घेताना डाव्या कोपऱ्यातला लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक आणि २० बाय २० मिमीचा क्रोमियमचा होलोग्राम बघा. ती न उघडणाऱ्या स्नॅपलॉकने बसवतात. चौकात नटबोल्टने लावून मिळणारी, फक्त "आयएनडी" छापलेली पाटी म्हणजे खेळणं.

पुढच्या पाटीची जागा वाकलेली असेल तर आधी सरळ करून न्या. वाकड्या पत्र्यावर स्नॅपलॉक बसत नाही आणि ओढून बसवला की पाटीला मधून चीर जाते.

लेस्टरकर

इथल्या एमओटीशी (ब्रिटनमधली गाड्यांची सक्तीची तपासणी) तुलना करून बघा. ग्रेट ब्रिटनमध्ये मोटारसायकल तीन वर्षांची झाली की पहिली तपासणी आणि मग दरवर्षी. साइडकार नसेल तर शुल्काची कमाल मर्यादा २९.६५ पौंड. ५० सीसीच्या वरच्या गाडीला नक्षी रुंदीच्या तीन-चतुर्थांश भागात १ मिमी पाहिजे. मे २०१८ पासून दोष धोकादायक, मोठे, किरकोळ अशा श्रेणींत लिहितात आणि "सध्या पास, पण लक्ष ठेवा" असा सल्ल्याचा शेरा वेगळा. गाडीचा नंबर टाकला की मागच्या तपासण्या कुणालाही फुकट दिसतात. जुनी गाडी घेणारा आधी तेच बघतो: सलग तीन वर्षं "मागची चेन झिजत आली" असं लिहिलंय म्हणजे मालकाने गाडीकडे बघितलेलं नाही.

तुमच्याकडे १५ वर्षांत एकदाही कुणी अधिकृतपणे ब्रेक बघत नाही. एवढ्या दुचाकी असलेल्या देशात हे मला पटत नाही.

घाटमाथा (धागाकर्ता)

मुद्दा बरोबर आहे. आपली तपासणी मुळात "ही गाडी तीच आहे का" हे विचारते, "ही गाडी थांबते का" हे नंतर. म्हणूनच चासी नंबरासाठी फाइल परत येते आणि स्प्लिट पिनसाठी येत नाही.

पण दरवर्षीची सक्ती इथे आणली तर काय होईल हेही बघा. रिक्षा-टेम्पोच्याच फिटनेसला मैदानं पुरत नाहीत. स्वयंचलित तपासणी केंद्रं आता कुठे उभी राहताहेत. कोट्यवधी दुचाकी त्या रांगेत आल्या तर तपासणी कागदावरच उरेल. मला दर पाच वर्षांनी, फक्त ब्रेक-टायर-दिवे, एवढीच साधी तपासणी परवडेल असं वाटतं.

लेस्टरकर

पाच वर्षांत लायनर दोनदा संपतो, घाटमाथा.

पणजीचो

गोव्यातल्या दोन गोष्टी, पर्यटकांच्या कामाच्या. आमच्याकडे पुढचं मडगार्ड पिवळं असलेल्या मोटारसायकल पायलटांच्या गाड्या आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या स्कूटर ही परिवहन वाहनं आहेत. त्यांना कलम ५६ खाली फिटनेस लागतं: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचं, नंतर दरवर्षी. म्हणजे १५ वर्षं न थांबता नियमित तपासली जाणारी दुचाकी भारतात आहे, फक्त ती भाड्याची आहे.

भाड्याने घेताना पाटी पांढरी असेल तर घेऊच नका. ती खाजगी गाडी, फिटनेस नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याच्या वापरावर बोट ठेवते. काळी पाटी असली तरी फिटनेसची तारीख बघा, एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दिसते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने ब्रेकची केबल आतून गंजते. लिव्हर दाबून सोडा, ती टचकन परत आली पाहिजे. हळूहळू सरकत आली तर दुसरी गाडी मागा.

चिंचवडचा

खूप धन्यवाद सगळ्यांना. हिशोब मांडला: नूतनीकरण १०००, उशिराचे २४००, पर्यावरण कर २०००, कार्ड २००, पाटी ५३१, वर वारस नोंद, बोजा आणि विमा. गाडीची किंमत बारा हजार येईल का हीच शंका. भंगारात द्यावी का?

नमुना_पंचवीस

द्यायची तर नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र (गाडी तिथे जमा केल्याचा दाखला) घ्या. त्यावर नवीन खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे झालात तर नोंदणी तशीच जिवंत राहते. चासीचा तुकडा उद्या कुठे बसला तर पोलीस वडिलांच्या पत्त्यावर येतील.

ठेवायची असेल तर इंजिनाकडे बघून ठरवा. सकाळच्या पहिल्या किकला निळा धूर नाही, टॅपेटच्या (व्हॉल्व्हच्या) टिकटिकीशिवाय दुसरा आवाज नाही, तर १०० सीसीच्या गाडीला पाच वर्षं सहज आहेत, आणि सहा-सात हजारांत पाच वर्षं दुसरीकडे मिळत नाहीत. विमा थर्ड पार्टीपुरताच घ्या: ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये अधिक कर.

कोरा_फॉर्म

शेवटचा प्रश्न. सगळं झालं, फक्त स्पीडोमीटरचा काटा हलत नाही. त्यासाठी परत पाठवतील का?

दहा_बाराचा_पाना

पाठवू शकतात, नियम ११७ मध्ये स्पीडोमीटर आहे. मीटर बदलू नका लगेच. वरची केबल मीटरमधून सोडवा आणि पुढचं चाक हाताने फिरवा. आतली तार फिरत असेल तर मीटर गेलं. फिरत नसेल तर खालून केबल काढून तार बाहेर ओढा: टोकाचा चौकोन गोल झालेला दिसेल, किंवा तार मधेच तुटलेली. दोन्हीला नवी केबल. चौकोन शाबूत असेल तर हबमधली प्लास्टिकची गरारी दात खाऊन बसलीय. चाक काढावं लागेल. ती बदलताना आतल्या पत्र्याच्या वॉशरचे दोन कान हबच्या खाचेत बसलेत ना ते बघा. तिरपे बसले तर एक्सल आवळताना चेपतात आणि काटा दुसऱ्या दिवशी परत शून्यावर.